घरगुती सौर जलतापक व सौर विद्युत संच : कार्यपद्धती आणि निवडीचा विचार

सारांश

घराच्या गच्चीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा उपयोग दोन प्रकारे करता येतो : पाणी तापविण्यासाठी आणि वीज निर्माण करण्यासाठी. या दोन्ही साधनांची तत्त्वे, रचना व मर्यादा परस्परांहून भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात दोन्ही संचांची कार्यपद्धती स्पष्ट केली आहे. तसेच महाराष्ट्रातील हवामान, पाणी व वीजपुरवठा यांच्या संदर्भात त्यांची तुलना केली असून, मर्यादित गच्चीचा विनियोग कसा करावा याविषयी विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सौर प्रारण, थर्मोसायफन, निर्वात नलिका, सौरघट, इन्व्हर्टर, नेट मीटरिंग.

प्रस्तावना

एके काळी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात न्हाणीघराशेजारी तांब्याचा बंब असे. त्यात लाकडे, गोवऱ्या किंवा भुसा जाळून पहाटेचे पाणी तापविले जाई. पुढे बंबाची जागा विजेच्या गीझरने आणि गॅस गीझरने घेतली. त्यानंतर गच्चीवर सौर जलतापक आला. लोकांनी त्याला 'सौर बंब' असे समर्पक नाव दिले. अलीकडच्या काळात त्याच गच्चीवर निळसर-काळ्या पट्टिकांच्या रांगा उभ्या राहू लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू केल्यानंतर या पट्टिकांकडे सर्वसामान्य कुटुंबांचा ओढा वाढला.

असे असूनही या दोन साधनांविषयी सुशिक्षित वर्गातही अनेक गैरसमज आढळतात. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, सौर संच बसविला की वीज गेली तरी घर उजळलेले राहील, ढगाळ दिवशी संच पूर्ण बंद पडतो, ही त्यांची काही उदाहरणे होत. अशा समजुतींवर विसंबून लाखभर रुपयांहून अधिक खर्च केला जातो आणि मग अपेक्षाभंग होतो. वास्तविक हा दोष यंत्राचा नसून समजुतीचा असतो. म्हणून या साधनांमागील विज्ञान सोप्या भाषेत समजून घेणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१) सौर जलतापकाची रचना व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२) सौर विद्युत संचाची रचना, कार्यपद्धती व वीजजाळ्याशी असलेला त्याचा संबंध स्पष्ट करणे.
३) दोन्ही साधनांची तुलना करून निवडीचे निकष सुचविणे.

सदर लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून त्यासाठी पदार्थविज्ञानातील प्रस्थापित नियम व साधी आकडेमोड यांचा आधार घेतला आहे. आकडेमोडीतील संख्या सरासरी स्वरूपाच्या आहेत. प्रत्यक्ष ठिकाणानुसार त्यांत कमी-अधिक फरक पडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सूर्याची उष्णता पेटीत कोंडून ठेवण्याचा शास्त्रीय प्रयोग स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये केला. काचेची झाकणे असलेल्या त्यांच्या पेटीतील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेले. १८९१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प यांनी सौर जलतापकाचे पेटंट घेतले. मात्र त्या उपकरणात पाणी तापण्याची व साठण्याची जागा एकच असल्याने रात्रीतून पाणी गार होई. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापविणारा भाग व उष्णतारोधक टाकी वेगळी केली. आजच्या सौर बंबाचा मूळ आराखडा तोच आहे.

सौर विजेचा इतिहास १८३९ पासून सुरू होतो. त्या वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांना प्रकाशामुळे विद्युत विभव निर्माण होत असल्याचे आढळले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारात मिळणाऱ्या पट्टिकांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या पुढे गेली आहे. भारतात १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी स्वतंत्र विभाग, १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय आणि जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान असा या क्षेत्राचा शासकीय प्रवास झाला.

गच्चीवर येणारी ऊर्जा

निरभ्र दिवशी मध्यान्ही सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट इतके सौर प्रारण पडते. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी घेतली तर एका चौरस मीटरवर दररोज साधारण ५ युनिट ऊर्जा मिळते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. वीजबिलातील युनिट तो हाच. घरातील हजार वॅटची इस्त्री सलग एक तास तापत राहिली, तर तिला एक युनिट वीज लागते.

सूर्याची दिशा व उंची यांचाही विचार आवश्यक आहे. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश आहेत. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. तर जूनमध्ये तो डोक्यावरून सुमारे ५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. वर्षभराचा विचार करता विद्युत पट्टिका दक्षिणाभिमुख व अक्षांशाइतक्या कोनात कललेल्या असाव्यात. गरम पाण्याची गरज मुख्यतः हिवाळ्यात असल्याने जलतापकाचा कल मात्र त्याहून १० ते १५ अंशांनी अधिक ठेवणे हितावह असते. डिसेंबरात मध्यान्हीसुद्धा एक मीटर उंच दक्षिण कठड्याची सावली सुमारे ९० सेंटीमीटर लांब पडते, आणि सकाळ-संध्याकाळ ती आणखी वाढते. मे महिन्यात गच्ची पाहून जागा निश्चित करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

सौर जलतापकाची कार्यपद्धती

अ) सपाट संग्राहक : हा संग्राहक म्हणजे एक उथळ पेटी असते. वर कणखर काच, आत काळसर लेप दिलेला तांब्याचा पत्रा, पत्र्याला जोडलेल्या बारीक तांब्याच्या नळ्या आणि खाली उष्णतारोधक थर अशी तिची रचना असते. सूर्याचे लघुलांबीचे प्रारण काचेतून आत येते व पत्र्यात शोषले जाते. तापलेला पत्रा दीर्घलांबीचे अवरक्त प्रारण बाहेर टाकतो. परंतु काच या प्रारणाला पारदर्शक नसते. शिवाय काचेमुळे वाऱ्यापासून संरक्षण मिळते. पत्र्यावरील लेपही निवडक गुणधर्माचा असतो : तो सूर्यप्रकाश भरपूर शोषतो, पण स्वतः उष्णता कमी उत्सर्जित करतो.

संग्राहकातील पाणी पंपाशिवाय टाकीत चढते, हे या उपकरणाचे वैशिष्ट्य होय. २० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे ९९८ किलो असते, तर ६० अंशांच्या पाण्याचे सुमारे ९८३ किलो. हा फरक केवळ दीड टक्क्याचा आहे. परंतु तेवढ्या बळावर हलके झालेले गरम पाणी वर चढते आणि टाकीच्या तळचे गार पाणी संग्राहकात उतरते. या अभिसरणाला थर्मोसायफन म्हणतात. म्हणूनच टाकीचा तळ संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा उंच ठेवावा लागतो. तसे न केल्यास रात्री उलट अभिसरण सुरू होऊन दिवसभर साठविलेली उष्णता आकाशात निघून जाण्याचा धोका असतो. अभिसरणामागचा जोर इतका अल्प असल्याने नळीत हवेचा बुडबुडा अडकला तरी प्रवाह थांबतो. टाकीवरील हवेची उभी नळी याच कारणास्तव बसविलेली असते. ती गळते म्हणून बंद करणे सर्वथा चुकीचे आहे.

आ) निर्वात नलिका संग्राहक : यात एकात एक बसविलेल्या दोन काचनळ्या असतात आणि त्यांच्यामधील हवा काढून टाकलेली असते. आतील नळीच्या बाह्य पृष्ठावर शोषक लेप असतो. थर्मास बाटलीचे तत्त्व ते हेच. निर्वात जागेतून वहन व अभिसरण या मार्गांनी उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे थंड हवेत व अंधूक उन्हातही हा संग्राहक बरे काम करतो. नळीच्या बंद टोकाशी चंदेरी डाग दिसतो. निर्वातता टिकविण्यासाठी ठेवलेल्या बेरियमचा तो थर असतो. हा डाग पांढरा पडला की नळीत हवा शिरली आहे असे समजावे व ती नळी बदलावी. रिकाम्या, उन्हात तापलेल्या नळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडल्यास त्या तडकू शकतात. पाणी भरायचे ते सकाळी वा सूर्यास्तानंतर.

इ) साठवण टाकी : महाराष्ट्रात स्नान बहुधा पहाटे वा सकाळी होते. दिवाळीतील अभ्यंगस्नान तर सूर्योदयापूर्वीच असते. म्हणजे पाणी तापते आदल्या दिवशी आणि वापरले जाते बारा-चौदा तासांनी. या दृष्टीने पाहता सौर बंबाचा प्राण संग्राहकापेक्षाही टाकीत आहे. टाकीभोवती साधारण ५० मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फेसाचा थर असतो. तो पावसाच्या पाण्याने भिजला किंवा कुजला, तर उत्तम संग्राहकही निरुपयोगी ठरतो.

ई) आकडेमोड : १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४.६५ युनिट उष्णता लागते. दोन चौरस मीटरच्या संग्राहकावर दिवसाला सुमारे १० युनिट प्रारण पडते आणि त्यातील साधारण निम्मे पाण्यात उतरते. शंभर लिटरला दोन चौरस मीटर हे प्रचलित प्रमाण असे सिद्ध होते. ६० अंशांच्या पाण्यात तेवढेच गार पाणी मिसळले की ४० अंशांचे स्नानयोग्य पाणी मिळते. अर्थात १०० लिटरच्या टाकीतून वीस-वीस लिटरच्या दहा बादल्या भरतात. चार-पाच जणांच्या कुटुंबाला त्या पुरेशा आहेत. वर्षातून ३०० दिवस असा उपयोग झाला तर सुमारे १४०० युनिट विजेची बचत होते. हेच गणित महाविद्यालयीन वसतिगृहालाही लागू पडते : १०० विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक बादली पाणी द्यायचे, तर १००० लिटरची टाकी व २० चौरस मीटर संग्राहक पुरतो.

उ) उणिवा व दक्षता : पहिली अडचण कठीण पाण्याची. मराठवाडा, सोलापूर व विदर्भाच्या अनेक भागांत कूपनलिकेचे पाणी कठीण असते. तापविल्यावर त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. सपाट संग्राहकाच्या बारीक नळ्या या थराने बुजतात. अशा ठिकाणी उष्णता विनिमयक असलेला संच किंवा रुंद नळ्यांचा निर्वात संग्राहक श्रेयस्कर होय. त्याच्या नळ्यांतही थर बसतो, पण त्या लवकर बुजत नाहीत व सुट्या काढून साफ करता येतात.

दुसरी अडचण लांब नळाची. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचे अंतर वीस मीटर असेल, तर गरम पाणी येण्यापूर्वी दहा लिटर, म्हणजे अर्धी बादली, गार पाणी वाहून जाते. गरम पाण्याची नळी शक्य तितकी आखूड, योग्य तेवढ्याच व्यासाची आणि उष्णतारोधक वेष्टन असलेली असावी.

तिसरी बाब टाकीतील विजेच्या कॉइलची. ढगाळ दिवसांसाठी ही सोय आवश्यक असते. मात्र थर्मोस्टॅटवर विसंबून कॉइल कायम चालू ठेवल्यास रात्रीच टाकी तापते. सकाळी वर आलेल्या सूर्याला तापवायला गार पाणी शिल्लक राहत नाही. आणि सौर संच असूनही बिल कमी का होत नाही, असा प्रश्न पडतो. कॉइल गरजेच्या दिवशी, वापरापूर्वी तास-दोन तासच चालू करावी.

सौर विद्युत संचाची कार्यपद्धती

अ) सौरघट : सौरघटात उष्णतेचा नव्हे, तर प्रकाशाचा उपयोग होतो. सिलिकॉन हा अर्धसंवाहक आहे. त्याच्या एका थरात फॉस्फरसचे व दुसऱ्या थरात बोरॉनचे अत्यल्प अणू मिसळले की दोन थरांच्या सांध्यापाशी कायमचे विद्युत क्षेत्र निर्माण होते. प्रकाशकणाने पुरेशी ऊर्जा दिल्यास बंधातील इलेक्ट्रॉन मोकळा होतो व हे क्षेत्र त्याला एका बाजूस ढकलते. बाहेरून तार जोडली की प्रवाह वाहू लागतो. यात कोणताही भाग हलत नाही, झिजत नाही वा जळत नाही.

सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मुक्त करण्यास सुमारे १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. १.१ मायक्रोमीटरहून अधिक तरंगलांबीच्या प्रकाशकणांत तेवढी ऊर्जा नसते. सौर ऊर्जेचा सुमारे एक पंचमांश भाग असा वाया जातो. याउलट निळ्या-जांभळ्या प्रकाशकणांत गरजेपेक्षा अधिक ऊर्जा असते. त्यातील अतिरिक्त भाग उष्णता होऊन जातो. या कारणांमुळे एकाच सांध्याच्या सौरघटाची कार्यक्षमता सुमारे एक तृतीयांशापलीकडे जाऊ शकत नाही, असे शॉकली व क्वाइसर यांच्या १९६१ मधील विश्लेषणातून पुढे आले. वीस-बावीस टक्के कार्यक्षमता ऐकून ती कमी वाटते, पण निसर्गनियमाने घातलेली मर्यादा पाहता ती बरीच समाधानकारक आहे.

आ) पट्टिका : एका घटाचा दाब जेमतेम अर्धा ते पाऊण व्होल्ट असतो. म्हणून अनेक घट एकसर जोडून पट्टिका तयार करतात. एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच प्रवाह जातो. त्यामुळे एखाद्या घटावर सावली पडली तर सबंध साखळीचा प्रवाह रोखला जातो आणि तो घट स्वतः तापू लागतो. यावर उपाय म्हणून पट्टिकेत बहुधा तीन उपमार्गी डायोड बसविलेले असतात. तरीही पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचे नारळाचे झाड यांची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात पट्टिकांवर पडणार नाही, असे पाहणे हाच खरा उपाय होय.

इ) तापमानाचा परिणाम : पट्टिकेवर लिहिलेले वॅट हे १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रारण व २५ अंश घट-तापमान या प्रमाणित स्थितीतील असतात. घटाचे तापमान दर अंशाने वाढले की निर्मिती सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पट्टिकेचे तापमान सहज ६५ अंशांवर जाते. ४० अंशांच्या या वाढीमुळे सुमारे १४ टक्के वीज कमी मिळते. म्हणजेच ऊन कडक आणि वीज कमी अशी स्थिती उद्भवते. म्हणून पट्टिका पत्र्याला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल अशा उंचीवर बसवाव्यात. पावसाळ्यात ढगांतून आलेला विखुरलेला प्रकाशही वीज देतो. निर्मिती घटते, पण शून्य होत नाही.

ई) इन्व्हर्टर : पट्टिकेतून मिळणारा प्रवाह एकदिश, तर घरातील उपकरणांना लागणारा प्रत्यावर्ती, २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा असतो. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. त्याचबरोबर बदलत्या उन्हात दाब व प्रवाह यांचा असा मेळ तो सतत शोधत राहतो, की पट्टिकेतून जास्तीत जास्त शक्ती मिळावी.

उ) वीज गेल्यावर काय होते : वीजजाळ्याला जोडलेला, बॅटरीविरहित संच जाळ्यातील पुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद होतो. भर दुपारी ऊन असतानाही घरात वीज नसते. अनेक ग्राहकांना हा संचातील बिघाड किंवा फसवणूक वाटते. वस्तुतः ही सुरक्षिततेची अट आहे. पुरवठा बंद करून खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या हातातील तारेत एखाद्या गच्चीवरून वीज आली, तर त्याच्या जिवावर बेतेल. खंडित काळातही वीज हवी असल्यास बॅटरी व हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो जाळ्यापासून घराची जोडणी तोडून मगच घराला वीज देतो. अर्थातच खर्च वाढतो व ठरावीक वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. जेथे भारनियमन क्वचित आहे तेथे बॅटरीविरहित, आणि जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीसह, असा सर्वसाधारण नियम मांडता येईल.

ऊ) नेट मीटरिंग : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगविषयी विनियम केले व २०१९ मध्ये नवे विनियम आणले. यात दुहेरी मोजणीचे मीटर जाळ्याकडून घेतलेली आणि जाळ्याला दिलेली वीज स्वतंत्रपणे नोंदविते. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. त्यानुसार २ किलोवॅटच्या संचातून महिन्याला सुमारे २४० युनिट निर्माण होतात. समजा त्यांतील ७० युनिट घरातच दिवसा वापरले गेले व १७० जाळ्यात गेले. रात्री व सकाळी जाळ्याकडून १८० युनिट घेतले. तर कुटुंबाचा एकूण वापर २५० युनिट, आणि निव्वळ आकारणी १८० वजा १७० म्हणजे १० युनिटची. बिलावर दिलेली वीज १७० दिसते, इन्व्हर्टरवर निर्मिती २४० दिसते. या फरकाने ग्राहक गोंधळतात. ७० युनिट मीटरपर्यंत न जाताच घरात वापरले गेले, हे त्यामागील कारण आहे. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. त्यामुळे 'शून्य बिल' हा शब्दप्रयोग जपूनच घ्यावा. दर व नियम आयोगाच्या आदेशांनुसार बदलत असल्याने निर्णयापूर्वी प्रचलित आदेश वाचणे अगत्याचे आहे.

ए) उभारणी व निगा : सांगाडा गॅल्व्हनाइझ्ड लोखंडाचा व वाऱ्याचा ताण सोसणारा हवा. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने वाऱ्याची ताकद कोकणाला दाखवून दिली आहे. पट्टिका म्हणजे वाऱ्यासमोर धरलेले शीडच असते. अर्थिंग व वीजरोधक यांत काटकसर करू नये. पट्टिकांवरील धूळ सकाळी वा सायंकाळी मऊ पाण्याने धुवावी. कठीण पाण्याचे डाग काचेवर बसतात, आणि दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकणे धोक्याचे असते. विद्युत पट्टिकांची निर्मिती दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्याने घटते. सुमारे पंचवीस वर्षे त्या उपयुक्त राहतात.

तुलनात्मक विवेचन

गच्चीवरील त्याच दोन चौरस मीटर जागेचा विचार करू. तेथे संग्राहक ठेवल्यास दिवसाला सुमारे ५ युनिट उष्णता मिळते. २१ टक्के कार्यक्षमतेच्या पट्टिका ठेवल्यास ४२० वॅटचा संच होतो व त्यातून सुमारे १.७ युनिट वीज मिळते. या विजेवर साधा गीझर चालवून १०० लिटर पाणी तापवायचे, तर जवळपास साडेपाच चौरस मीटर पट्टिका लागतील. केवळ पाणी तापविण्याचा प्रश्न असेल तर सौर बंब तिपटीने सरस ठरतो.

परंतु हा हिशेब येथे संपत नाही. उष्णता ही खालच्या प्रतीची, तर वीज ही वरच्या प्रतीची ऊर्जा आहे. बंबातील उष्णतेने पंखा फिरत नाही की दिवा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत गरम पाण्याची मागणी घटते तेव्हा बंबाची उष्णता वाया जाते. त्याच काळातील अतिरिक्त वीज जाळ्यात जमा होते. शिवाय उष्णता पंपावर चालणारा गीझर घेतल्यास एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता पाण्यात उतरते. तेव्हा १०० लिटरसाठी १.५५ युनिट वीज, म्हणजे सुमारे दोन चौरस मीटर पट्टिकाच पुरतात. जागेच्या दृष्टीने सौर बंबाची आघाडी येथे नाहीशी होते. तथापि उष्णता पंपाची किंमत व देखभाल विचारात घ्यावी लागते.

शासकीय प्रोत्साहनाचाही निवडीवर परिणाम होतो. २०२४ च्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट व त्यावरील संचास एकूण ७८,००० रुपये अनुदान निश्चित करण्यात आले. सौर जलतापक या योजनेत येत नाही. परिणामी, अनुदान आहे म्हणून जुना चालता बंब काढून तेथे पट्टिका बसविण्याकडे कल दिसतो. वरील आकडेमोडीच्या प्रकाशात हा निर्णय नेहमीच शहाणपणाचा ठरत नाही.

प्रदेशपरत्वे विचार करता असे म्हणता येईल की, पुणे-नाशिकसारख्या थंड पहाटेच्या भागात सौर बंबाचे मोल मोठे आहे. कोकणात गरम पाण्याची गरज तुलनेने कमी व पावसाळा दीर्घ असल्याने बंबाचा उपयोगकाळ घटतो. मराठवाडा-विदर्भात निरभ्र दिवस अधिक असल्याने दोन्ही साधने उपयुक्त आहेत. मात्र बंबासाठी कठीण पाण्याची व पट्टिकांसाठी तापमानाची दखल घ्यावी लागते. गृहनिर्माण संस्थांत तर प्रश्न तांत्रिक राहत नाही. गच्ची सर्वांची असते, आणि वरच्या मजल्यावरील सभासदाने आधी बंब बसविला म्हणून खालच्याचा हक्क संपत नाही. जागेची वाटणी, नळांचा मार्ग व दुरुस्तीचा खर्च यांविषयी सर्वसाधारण सभेत आधी निर्णय झाल्यास पुढील कलह टळतात.

निष्कर्ष

१) सौर जलतापक व सौर विद्युत संच ही एकमेकांची पर्यायी नव्हे, तर प्रायः पूरक साधने आहेत.
२) पाणी तापविण्यासाठी सौर बंब हा जागेच्या दृष्टीने साध्या गीझरला जोडलेल्या सौर पट्टिकांपेक्षा सुमारे तिपटीने कार्यक्षम आहे.
३) बंबाचे यश टाकीचे उष्णतारोधन, नळांची लांबी व पाण्याचा कठीणपणा यांवर, तर विद्युत संचाचे यश सावली, तापमान व योग्य दिशा यांवर अवलंबून असते.
४) बॅटरीविरहित संच वीज खंडित झाल्यावर बंद होणे हा बिघाड नसून सुरक्षिततेची व्यवस्था आहे.
५) घराची गरज मोजून, म्हणजे बादल्या व युनिट या दोन्हींचा हिशेब करून, मगच गच्चीची विभागणी करावी.

समारोप

तीन किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे ४२०० युनिट वीज देतो. भारतातील वीजनिर्मितीत प्रतियुनिट सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेता असा एक संच वर्षाला जवळजवळ तीन टन वायूचे उत्सर्जन टाळतो. कुटुंबाचे हित व समाजाचे हित येथे एकत्र येते. मात्र ही साधने अंधश्रद्धेने बसविली तर वर्षा-दोन वर्षांत ती गच्चीवर गंजत पडतात आणि शेजाऱ्यांचाही विश्वास उडतो. बंद पडलेला एक संच दहा जणांना परावृत्त करतो. म्हणून खरेदीपूर्वी समजून घेणे व खरेदीनंतर निगा राखणे या दोन गोष्टी अनुदानाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. महाविद्यालयांनी आपल्या वसतिगृहांवरील व इमारतींवरील संचांच्या दैनंदिन नोंदी विद्यार्थ्यांकडून ठेवून घेतल्यास पदार्थविज्ञान, भूगोल व अर्थशास्त्र या तिन्ही विषयांना जिवंत प्रयोगशाळा लाभेल, आणि परिसरातील कुटुंबांना आपल्याच गावच्या उन्हाचा विश्वासार्ह हिशेब उपलब्ध होईल.